तांबडा गुरुवार

आधी येतो तो वास. डोळ्यांना धड काही दिसायच्या आत खवट तेल, मेंढ्यांच्या लेंड्या आणि ओलं सूत यांचा भपकारा नाकात शिरतो आणि तुमचा हात रुमालाकडे जातो. रुमाल राहू द्या खिशात. इथल्या लोकांना हा वास पैशाचा येतो, आणि पाहुण्याने नाक धरलेलं त्यांना आवडायचं नाही.

तुम्ही थेसलीत आहात, किसावोस डोंगराच्या उतारावर, आंबेलाकिया नावाच्या गावात. खाली टेंपेची अरुंद दरी, तिच्यातून वाहणारी पिनिओस नदी, पलीकडे ऑलिंपस. साल १७९७. राज्य उस्मानी सुलतानाचं, गाव ग्रीक ख्रिस्ती, पंचांग जुनं ज्युलियन. त्या पंचांगाप्रमाणे आज २ एप्रिल, ईस्टरच्या आधीचा गुरुवार. ग्रीक लोक याला तांबडा गुरुवार म्हणतात. आज घरोघरी अंडी लाल रंगवायची आणि खिडकीत लाल फडकं टांगायचं. दुसऱ्या एखाद्या गावात तुम्हाला ती फडकी मोजता आली असती. इथे गच्चीवर लाल, अंगणात लाल, गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोऱ्यांवर लाल. सुताच्या लडी वाळत घातल्या आहेत. सणाचं फडकं कुठलं आणि धंद्याचा माल कुठला, ते गावकऱ्यांनाच विचारावं लागेल.

या लाल सुतावर आंबेलाकिया उभं आहे. १७७८ साली गावाने मिळून एक कंपनी काढली. पैसेवाल्याने पैसे घातले, कष्टकऱ्याने कष्ट घातले आणि नफ्यात दोघांची पाती ठरली. आज दोन डझनांच्या आसपास रंगशाळा चालतात आणि डोंगरातल्या या गावचं सूत व्हिएन्नापर्यंत आणि तिथून जर्मन मुलखात जातं. कंपनीचा कारभारी गेओर्गिओस माव्रोस. माव्रोस म्हणजे काळे; व्हिएन्नाच्या व्यापाऱ्यांनी त्याचं जर्मन करून श्वार्झ केलं आणि तेच नाव रूढ झालं. वरच्या अंगाला त्याची तीन मजली हवेली उभी राहते आहे. दहा वर्षं झाली, आतलं रंगकाम अजून आटपलेलं नाही. गाडी चुकायची भीती नाहीच, तर एकदा तिकडे डोकावून या. भिंतीभर चित्रं आहेत. पण आज आपलं काम एका साध्या घरात आहे, चुलीपाशी.

घरातली म्हातारी दारातच उभी आहे. तिला सगळे याया म्हणतात, म्हणजे आजी. तुम्ही कोण, कुठले, हे ती विचारत नाही. व्यापारापायी गावात परके चेहरे रोजचेच. ती फक्त तुमच्या हातांकडे बघते, ते स्वच्छ आहेत अशी खात्री करून घेते आणि आत बोलावते. पाच मिनिटांत तुमच्या हातात व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं असतं आणि समोर अंड्यांची टोपली.

आता इथे पोट सांभाळा. इतकी अंडी एका घरात एका दिवशी का, याचं उत्तर उपासात आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणूस ईस्टरच्या आधी अठ्ठेचाळीस दिवस मांस, दूध, चीज आणि अंडं यांतलं काही खात नाही. आज सेहेचाळिसावा दिवस. माणसांनी उपास धरला म्हणून कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नाहीत. उलट वसंतात दिवस मोठा होत जातो तशी त्यांची अंडी वाढतात. खाणारं कुणी नाही आणि रोज भर पडते आहे, तेव्हा अंडी तळघराच्या गारव्यात साठत जातात. उपास लागायच्या आदल्या रात्री शेवटचा घास अंड्याचा घ्यायचा आणि शनिवारी मध्यरात्री उपास सुटताना पहिला घासही अंड्याचाच, अशी चाल आहे. तुम्ही भुकेले असाल, आपल्याकडे गुरुवारी अंडी न खाणारी घरं असतात तशा घरातले नसालही, पण या टोपलीला आज तोंड लावलंत तर याया तुम्हाला दरीत ढकलून देईल.

याया आधी अंडी पाण्यात सोडून बघते. जी तळाशी आडवी पडतात ती ताजी. जी एका टोकावर उभी राहतात ती जुनी पण चालतील. उकडल्यावर त्यांचंच टरफल सोपं निघतं. जी वर तरंगतात ती उकिरड्यावर. मग तुमचं काम सुरू. एकेक अंडं व्हिनेगरच्या फडक्याने पुसायचं. नीट बघा, घाई नाही. ओल्या टरफलावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे फुटतात, चिकटून राहतात, मग एकेक करून सुटतात. टरफलात शंभरात सुमारे पंच्याण्णव भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच. आम्ल लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. वरचा तुळतुळीत, मेणचट थर झिजतो, पृष्ठभाग किंचित खडबडीत होतो आणि रंगाला पाय रोवायला जागा मिळते. यायाला हे बुडबुडे माहीत आहेत. बुडबुडे आले की पुसणं पुरे, मग लगेच दुसरं घ्यायचं. तुम्ही एकाच अंड्यावर रेंगाळलात तर ती हातावर चापट मारते, कारण फार झिजलेलं टरफल उकळत्या पाण्यात तडकतं.

रंग कालपासून तयार होतो आहे. कोपऱ्यात कल्हई केलेलं तांब्याचं पातेलं, त्यात रात्रभर भिजलेली मुळं. या मुळांना इथे रिझारी म्हणतात. मराठी वाचकाला ओळख द्यायची तर मंजिष्ठा. काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत मिळते, उटण्यात घालतात, ती आपली मंजिष्ठा हिच्याच रुबिया कुळातली, पण चुलत बहीण. आपल्या मंजिष्ठेचा लाल रंग मुख्यतः परप्युरिन आणि मंजिष्टिन या द्रव्यांचा. हिच्या मुळात अलिझारिन भरपूर. मूळ जमिनीत निदान तीन वर्षं मुरू द्यावं लागतं, तेव्हा कुठे ते पेन्सिलीएवढं जाड होतं. वरून मातकट, मोडलं की आत नारिंगी. कुटून पाण्यात टाकलं की पाणी आधी पिवळसर दिसतं आणि नवख्याला वाटतं, आपण फसलो.

तेवढ्यात घरातला मोठा मुलगा येतो. रंगशाळेत काम करतो, मनगटापर्यंत हात लाल, नखांच्या कडा त्याहून गडद. हा रंग आता साबणाने जाण्यातला नाही. कमरपट्ट्यातून तो कागदाची एक पुडी काढतो. तुरटी. रंगशाळेत तुरटी कुलपात असते, ती कारभाऱ्याला विचारून आणलेली आहे, हे तो दोनदा सांगतो. चुलीच्या आड एक दहा-अकरा वर्षांचा पोरगा अनवाणी उभा आहे आणि त्याचं लक्ष पुडीवर आहे. त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नाही. तुम्ही ठेवा.

"एवढीशी?" याया पुडी उघडून म्हणते.

"अंडी रंगवायचीत आई, गाठोडी नाहीत."

हा माणूस रंगशाळेत काय करतो ते ऐकलंत तर सणाच्या पातेल्याची सगळी गंमत कळेल. सूत आधी राखेच्या पाण्यात उकळायचं. मग खवट ऑलिव्ह तेल आणि लेंड्यांचं कालवण करून त्यात तुडवायचं, वाळवायचं, पुन्हा तुडवायचं, पुन्हा वाळवायचं. मग मायफळाच्या काढ्यात. हो, बाळगुटीत उगाळतात तेच मायफळ. मग तुरटी. मग रिझारी, तिच्यात जनावराचं रक्त. शेवटी पुन्हा राखेच्या पाण्यात उकळी. एका लडीला महिना सहज लागतो. रेशीम आणि लोकर रंग चटकन धरतात, कापूस धरत नाही. त्याला मनवावं लागतं, आणि या मनवण्याचीच युरोप किंमत मोजतो. फ्रान्सने याच मुलखातले रंगारी नेऊन आपल्याकडे हा लाल उतरवला, तरी या गावच्या सुताची मागणी हटलेली नाही.

अंड्याला एवढं काही लागत नाही. अलिझारिनचा खरा झळझळीत लाल उतरायला दोन धातू हवेत, अल्युमिनियम आणि कॅल्शियम. अल्युमिनियम तुरटीतून येतं. सुताच्या बाबतीत कॅल्शियमसाठी पाणी तरी जड लागतं नाहीतर वरून खडू घालावा लागतो. अंडं आपलं कॅल्शियम अंगावरच घेऊन आलेलं असतं. तुरटीशिवायही अंडं रंग घेईल, पण तो विटकरी येईल, आणि या गावात विटकरी अंडं शेजारणीला दाखवायची सोय नाही.

पातेल्याच्या तळाशी फडकं घातलं जातं, अंडी एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. गाळलेला रंग थंड असतानाच त्यात अंडी उतरवायची आणि मग खाली जाळ करायचा. थंड अंडं गरम पाण्यात टाकलं तर फुटलंच म्हणून समजा. व्हिनेगर थोडंच. जास्त झालं तर लाल नारिंगीकडे झुकतो. चुलीतली राख उडून पडली तर उलटं, जांभळ्याकडे. म्हणून याया पातेल्याभोवती कुणाला फुंकणी मारू देत नाही. थोरली नात दाराशी बसून काही अंड्यांवर कोथिंबिरीची असावीत तशी दिसणारी पानं, खरं तर पार्सलीची, चिकटवते आहे. वर जुन्या कापडाचा तुकडा आणि सुताचे फेरे आवळून. पान जिथे घट्ट बसेल तिथे रंग पोचणार नाही आणि लाल जमिनीवर पांढरं पान उमटेल. सूत कमी नाही या घरात. बायका आणि पोरं वर्षभर चातीवर तेच करतात.

याया एक गोष्ट सांगते, पातेलं ढवळता ढवळता, तुम्हाला नाही, नातीला. मग्दालीया मरीया रोमला तिबेरियस बादशहापुढे गेली, हातात अंडं. ख्रिस्त उठला, असं तिने सांगितलं. बादशहा म्हणाला, मेलेला माणूस उठायचा असेल तर हे अंडंही लाल होईल. आणि झालं. नात विचारते, तुरटीशिवाय? याया ढवळणं थांबवते, क्षणभर विचार करते आणि म्हणते, "चमत्काराला लागत नाही."

आता मंद आचेवर वेळ जाणार आहे. तोवर पाचशे वर्षं मागे जाऊन या. लांब नाही, इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या कारकुनाच्या टेबलापाशी. १२९० साल. माणूस घरखर्चाचा हिशेब उतरवतो आहे: ईस्टरसाठी साडेचारशे अंडी, अठरा पेन्स. पेनीला पंचवीस पडली. ही अंडी रंगवून आणि सोन्याच्या वर्खाने मढवून राजघराण्यात वाटायची आहेत. पुढे इतिहास लिहिणाऱ्यांनी ही नोंद इतक्यांदा उगाळली की तिच्याकडे बघून कंटाळा येतो. पण एक गोष्ट खरी: राजाची अंडी दफ्तरात राहिली, यायाची राहणार नाहीत. चला परत, पातेल्याला उकळी फुटते आहे.

समोरच्या घरी एक विधवा राहते. तिच्याकडे रंगशाळेत जाणारं कुणी नाही, त्यामुळे तुरटी नाही आणि रिझारीही नाही. तिने महिनाभर कांद्याची कोरडी सालं एका पिशवीत जमवली आहेत. उपासाच्या दिवसांत घरोघरी कांदा, कडधान्य, ऑलिव्ह आणि पाव यांवरच दिवस काढायचे असतात, म्हणजे ज्या उपासाने अंडी साठवली त्यानेच सालंही साठवली. तिच्या मडक्यात डोकावलंत तर पाणी काळसर तपकिरी. पण अंडं बाहेर काढून उजेडात धरलं की तांबूस, महोगनीच्या लाकडाच्या छटेचं, आणि त्यावर सालं जिथे चिकटून राहिली तिथे गडद ढग. याया वाकून बघते, "छान झालीयेत गं," म्हणते आणि घरी आल्यावर सुनेला सांगते, "तपकिरी."

मला विचाराल तर मला विधवेची अंडी जास्त आवडली. यायासमोर बोलायची हिंमत नाही.

अंडी गार झाली, पुसली, पूर्ण वाळली, मग ऑलिव्ह तेलाचा बोळा फिरवला गेला. क्रम उलटा करून चालत नाही. तेल आधी लागलं तर रंग चढतच नाही. पातेल्यातून निघालेलं पहिलं अंडं वेगळं ठेवलं आहे. ते मरियमेचं. देव्हाऱ्यात तिच्या तसबिरीपाशी ते वर्षभर राहणार. गेल्या वर्षीचं तिथून उचलून याया ते मोठ्या मुलाच्या हाती देते. ते द्राक्षमळ्यात पुरायचं, गारपीट टळावी म्हणून. उरलेलं रंगाचं पाणी दाराबाहेर ओतायचं नाही, घराचं दैव त्याबरोबर जातं. पाहुण्याने मदत म्हणून पातेलं उचलायचा प्रयत्न करू नये.

संध्याकाळी सगळं गाव चर्चमध्ये. बारा शुभवर्तमानं वाचली जातात, पाय दुखेपर्यंत. मग बायका तिथेच थांबतात, ख्रिस्ताच्या प्रतीकात्मक तिरडीला फुलांनी सजवायला, पार पहाटेपर्यंत.

शुक्रवारी इथे तुम्हाला कामच नाही. रंगशाळा बंद, चुली जेमतेम, घंटा दिवसभर एकसुरी. हा दिवस पुढचं पाहून येण्यात घालवा.

चौदा वर्षं पुढे गेलात तर १८११. व्हिएन्नाच्या सरकारने दिवाळं काढलं आहे, आंबेलाकियाच्या कंपनीचा तिथला पैसा बुडाला आहे, इंग्लंडचं यंत्रावर कातलेलं स्वस्त सूत बाजारात आलं आहे. दोऱ्यांवर लडी विरळ. आणखी पुढे, १८६८, बर्लिन. कार्ल ग्रेबे आणि कार्ल लिबरमान या दोघांनी डांबरातून निघणाऱ्या अँथ्रासीनपासून अलिझारिन बनवलं आहे. १८६९ च्या जूनमध्ये त्यांनी जर्मन कारखान्याच्या हाइनरिश कारोला बरोबर घेऊन लंडनमध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि दुसऱ्याच दिवशी विल्यम पर्किनचा अर्ज येऊन पडला. एका दिवसाचा फरक! त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत फ्रान्समध्ये अव्हिन्यॉनच्या आसपासची रिझारीची शेतं नांगरून टाकली गेली. आपल्याकडेही हीच पाळी आली. वऱ्हाड आणि मध्य प्रांतात आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांपासून लाल रंग काढत, खारव्याची जाडीभरडी लाल कापडं त्यातच रंगत. परदेशी अलिझारिनचे डबे आले आणि आलीची लागवड उठली. अव्हिन्यॉनचा रिझारीवाला आणि वऱ्हाडातला आलवाला यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं. दोघांचा धंदा एकाच काचेच्या नळीतून निघालेल्या भुकटीने बसवला.

मग अमेरिकेत या, न्यू जर्सीतलं न्यूआर्क शहर, १८८० च्या सुमारास. विल्यम टाउनली नावाचा औषधविक्या अंड्यांच्या रंगाच्या पुड्या विकतो आहे. पाण्यात टाका, अंडं बुडवा, झालं. पुढे हाच धंदा पास या नावाने मोठा झाला. पेनसिल्व्हेनियातले जर्मन लोक ईस्टरला ज्या शब्दाने ओळखतात त्यावरून ते नाव घेतलं. पुड्यांवर राग धरू नका. पाच पोरांची आई ज्या दिवशी पहिल्यांदा अशी पुडी विकत घेते, त्या दिवशी तिचा रात्रभरचा भिजवण्याचा, गाळण्याचा व्याप वाचतो, आणि त्याची किंमत ज्याने मुळं कुटलीत त्यालाच कळेल.

पण सालं टिकली. मुळांचा व्यापार गेला, तुरटीची पुडी गेली, कांद्याच्या सालांचं कुणी काही वाकडं करू शकलं नाही, कारण ती विकत घेतलेलीच नव्हती. ग्रीसमध्ये, लिथुएनियात, युक्रेनमध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घरांत आजही ती उकळतात. शुक्रवार अजून सरलेला नाही, तेव्हा थोडा वेळ आजच्या, तुमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभे राहा. वसईत किंवा गोव्यात ईस्टरला मिळतात ती मार्झिपानची आणि चॉकलेटची अंडी. उकडलेली रंगवायची चाल तिथे फारशी नाही. तरीही साहित्य आपल्याइतकं कुणाकडे नसेल. लासलगावच्या लिलावात वाऱ्यावर उडणारी कांद्याची सालं बघा. दहा-बारा मोठ्या कांद्यांची कोरडी सालं, लिटरभर पाणी, अर्धा तास मंद उकळी. गाळा, गार करा, दोन चमचे व्हिनेगर, मग त्यात कच्ची अंडी ठेवून उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटं. आपल्या बाजारातली पांढऱ्या टरफलाची अंडी यासाठी उत्तम. गडद हवी असतील तर रंगाच्या पाण्यातच फ्रीजमध्ये रात्रभर राहू द्या. खायची असतील तर दोन तासांहून जास्त वेळ बाहेर ठेवू नका. यायाने ठेवली, पण तिच्याकडे मरियम होती.

हळद दोन-तीन चमचे घातलीत तर पिवळं हमखास, पण उन्हात ठेवलंत की विटतं. बिटाने फार आशा लावून घेऊ नका. पाणी इतकं देखणं दिसतं की हात शिवशिवतात, आणि अंडं निघतं फिकट गुलाबी, दुसऱ्या दिवशी मळकट. बिटाचा रंग उकळी सोसत नाही. खरी करामत जांभळ्या कोबीची. व्हिनेगर घातलं की पाणी गुलाबीसर होतं, आणि त्याच पाण्यातलं अंडं रात्रीत निळं होऊन बसतं. कोबीचा रंग आम्लात लाल आणि अल्कलीत निळा. पाणी आंबट असलं तरी टरफल खडूचं, म्हणून अंड्यापाशी पोचल्यावर रंग पालटतो. तुरटीवाल्या मुलाला हे दाखवायला हवं होतं.

परत चला. शनिवार, मध्यरात्रीला थोडा अवकाश. चर्चमधले सगळे दिवे विझवले आहेत. आतून धर्मगुरू एकच पेटती मेणबत्ती घेऊन येतो आणि तिच्यावरून शेजाऱ्याची, त्याच्यावरून पुढच्याची, अशा मेणबत्त्या पेटत पेटत अंगणापर्यंत येतात. "ख्रिस्तोस आनेस्ती!" ख्रिस्त उठला. "आलिथोस आनेस्ती!" खरोखर उठला. हे संपतं न संपतं तोच खिशांतून अंडी निघतात.

खेळाचा नियम सोपा. तुमचं अंडं मुठीत धरायचं, टोक बाहेर. समोरच्याने आपल्या अंड्याच्या टोकाने त्यावर ठोकायचं. ज्याचं फुटलं त्याने हरायचं आणि खायचं. ज्याचं शाबूत त्याने पुढच्याकडे वळायचं. शेवटपर्यंत ज्याचं टिकेल त्याचं वर्ष चांगलं जातं. तुमचं पहिल्याच ठोक्याला जातं. बरंच झालं, तीन दिवसांची भूक आहे. टरफल सोलताना बघा, जिथे बारीक चीर होती तिथून लाल रेघ पांढऱ्यावर उतरली आहे.

तिकडे चुलीआडचा तो पोरगा एकामागून एक लोळवत चालला आहे. चुलत भाऊ, शेजारी, घंटा वाजवणारा, कंपनीचा एक कारकून. सात, आठ, नऊ अंडी फुटली आणि याचं टोक जसंच्या तसं. गर्दी जमते. कुणीतरी म्हणतं गिनी कोंबडीचं असेल, तिचं टरफल दगडी. मोठा मुलगा, म्हणजे पोराचा बाप, गर्दी बाजूला करून पुढे येतो आणि हात पुढे करतो. पोरगा देत नाही. मग देतो.

बाप अंडं हातात तोलतो. हलकं आहे. नखाने टिचकी मारतो आणि आवाजानेच सगळ्यांना कळतं. लाकूड. नीट कोरलेलं, घासून गुळगुळीत केलेलं, तेल लावलेलं. लोक हसतात, हरलेले ओरडतात, कारकून आपलं अंडं परत मागतो. याया क्रूस करते आणि आजच्या रात्री, चर्चच्या दारात, असं काहीतरी पुटपुटते. बापाने आता एक ठेवून द्यावी अशी सगळ्यांची अपेक्षा आहे.

तो अंडं मेणबत्तीजवळ नेतो. फिरवून बघतो. एका बाजूला अंगठ्याने जोरात घासतो, अंगठा बघतो. रंग लागलेला नाही. लाकडावर स्वतःचं कॅल्शियम नसतं, लाकडावर लाल असा चढत नाही.

"तुरटी कुठून आणलीस?"

पोरगा गप्प.

"माझ्या पुडीतली?"

मान हलते.

"किती घातलीस?"

"अंगठ्याएवढी."

"जास्त झाली," बाप म्हणतो आणि अंडं स्वतःच्या कमरपट्ट्यात खोचतो. "आणि खडू कुठून मिळाला?"